किंडरगार्टनच्या यादीत लेकीचे खरे शब्द लिही

तू विचारलंस, "ताई, आम्ही सप्टेंबरात धुळ्याहून जर्मनीला जातोय. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवसभर सासूबाईंकडे असते, त्यामुळे सगळं अहिराणीच बोलते. तिथल्या किंडरगार्टनमध्ये तिचं कसं होईल? आणि मला तिथे एकटं वाटेल का?" मला ताई म्हणालीस, म्हणून तुला तूच म्हणते. तुझा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. सध्या मी अमळनेरला आईकडे आहे. तिकडे जर्मनीत, आम्ही राहतो त्या भागात, शाळेला पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, ती गाठून आलेय. आखाजी होऊन गेली तरी अंगणातल्या निंबाचा झोका आईने नातीसाठी सोडलेला नाही. तिथेच बसून लिहितेय.

व्हिसा, फी, अर्ज हे सगळं सरकारी साइटवर मिळेल. जागेबद्दल मात्र एक सांगते. 1 ऑगस्ट 2013 पासून तिथे वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. तरी आम्ही सात महिने थांबलो. घराचा पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी नाव घाल.

कागदांचं अजून डोक्यातून जात नाही. जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, करून घे, असं सगळे सांगत होते. एजंटला पैसे दिले, मुंबईच्या दोन चकरा झाल्या, आणि मग कळलं की भारताचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही. तुमच्याकडे दाखला मागितला, तर आधी जर्मन वकिलातीची पद्धत विचारा. लसीकरणाचं कार्डही आजच काढून बघ. मार्च 2020 पासून किंडरगार्टनमध्ये घालताना गोवराच्या लशीचा पुरावा लागतो, दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोसांचा. आपल्याकडे ती गोवर-रुबेला म्हणून एकत्र देतात. आमच्या कार्डावर दुसऱ्या डोसचा शिक्का होता, तारीख नव्हती. त्या एका तारखेसाठी माझ्या म्हाताऱ्या वडिलांनी भर उन्हात दवाखान्याच्या चार खेपा घातल्या. तारीख, सही, शिक्का, तिन्ही बघून घे.

आता दिवस कसा असतो ते. सकाळी बूट काढून घरातले मऊ बूट घालायचे. प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक चित्र असतं, कारण नाव वाचता येत नाही. माझ्या लेकीला गोगलगाय मिळाली. मला वाईट वाटलं, तिला फार आवडली. मग सगळी मुलं गोल करून बसतात, गाणं म्हणतात, आज कोण आलं नाही ते मोजतात. डबा घरचा, गोड नको म्हणतात. मी दशमी द्यायचे, ती छान टिकते. तुम्ही शाकाहारी असाल तर लेखी दे, आणि वाढदिवसाला वाटतात त्या रबरासारख्या गोळ्यांत बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं, हेही सांग. पाऊस असो, थंडी असो, मुलं बाहेर जातातच. चिखलात खेळायची रबरी विजार, गमबूट आणि कपड्यांचा एक जादा जोड तिथेच ठेवावा लागतो. घ्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून द्यायची. नाव नसेल तर शेजारणीच्या हाती मूल देत नाहीत. ताप आला की फोन येतो आणि लगेच निघावं लागतं.

अक्षरं, आकडे शिकवत नाहीत. धुळ्यात साडेतीन वर्षांचं मूल एबीसीडी गिरवत असतं, म्हणून तुझ्या घरचे विचारतील की मग पाठवायचं कशाला. मीही विचारत होते. आता वाटतं, किंडरगार्टनवाले बरोबर आहेत. स्वतः चेन लावणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, भांडण शब्दांनी सोडवणं, हे ती तिथे शिकली आणि आता पहिलीत तेच उपयोगी पडतंय.

पण मला जे सांगायचंय ते पहिल्या दोन आठवड्यांचं. तिथे मूल दारात सोडून येत नाहीत. सवय लावायचा एक काळ असतो, आइनगेव्ह्योनुंग म्हणतात. पहिले तीन दिवस आईने किंवा वडिलांनी तासभर खोलीत कोपऱ्यात बसायचं, खेळात पडायचं नाही, मूल जवळ आलं तर घ्यायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचं, पण मुलाला सांगून. मूल ठरलेल्या बाईंकडून शांत होतंय का ते बघून पुढचं ठरतं. कुणाला आठवडा लागतो, कुणाला तीन.

मला हे सगळं लाड वाटले. आपल्याकडे बालवाडीच्या फाटकाशी मूल रडतं, बाई म्हणतात, "तुम्ही जा, होतं शांत." मी तशीच वाढले. चौथ्या दिवशी ती ठोकळ्यांत रमली होती, आणि मी तिची नजर चुकवून निघून आले. निरोप घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं, तरी.

वीस मिनिटांत फोन आला. मागे लेक ओरडत होती, "माले घर जानं शे! माले घर जानं शे!" बाई घाबऱ्या आवाजात विचारत होत्या, ही काय म्हणतेय, यादीत सापडत नाही.

ती यादी मीच दिली होती. पाणी, भूक, शू, झोप, घरी जायचंय, दुखतंय, असे मुलाचे रोजचे शब्द लिहून मागतात, म्हणजे त्यांना उच्चारावरून ओळखता येतात. मी ती शुद्ध मराठीत लिहिली होती. माझी लेक तीन वर्षं आजीच्या मांडीवर अहिराणी बोलली, आणि परक्या देशात, जिथे अहिराणी काय नि पुणेरी काय कुणाला काही फरक कळणार नव्हता, तिथेही मला अहिराणी लिहायची लाज वाटली. का, ते मला अजून सांगता येत नाही. कॉलेजात पुण्याला असताना कुणीतरी हसलं होतं, तेवढंच आठवतं.

त्यानंतर ती तिथे चार महिने बोलली नाही. नव्या भाषेत पडलेली मुलं काही काळ गप्प राहतात, ऐकत असतात, हे बाईंनी समजावलं. भाषेच्या छोट्या गटात घातलं. हा गट मागावा लागला, आपणहून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तू पहिल्याच भेटीत विचार. वर्षातून एकदा मुलाच्या प्रगतीबद्दल आईवडिलांशी सविस्तर बोलतात. त्या भेटीला नवऱ्याला घेऊन जा, आणि भाषा कमी पडत असेल तर दुभाषी मिळेल का ते आधी विचार. त्या भेटीत बाई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, घरी तुमचीच भाषा बोला, जर्मन आम्ही बघतो. मी ऐकलं नाही. घाबरून घरात अहिराणी बंद केली, मोडकीतोडकी जर्मन आणि थोडी मराठी सुरू केली. आईलाही फोनवर सांगितलं, तिच्याशी मराठीत बोल. आई हो म्हणाली आणि फोनवर कमी बोलू लागली.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा जास्त. किंडरगार्टनच्या दारात रोज भेटणाऱ्या आयांशी थांबून दोन शब्द बोल, त्यातूनच माणसं मिळतात. याहून त्यावर काही लिहावंसं वाटत नाही.

आत्ता आई ओट्यावरून नातीला म्हणाली, "भूक लागनी का वं?" लेकीने झोका थांबवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, आजी काय म्हणतेय?

तू यादी लिहायला घेशील तेव्हा सासूबाईंना शेजारी बसव. पोरीला निजवताना, भरवताना, ती पडली-रडली की त्या काय म्हणतात, ते त्यांच्या तोंडून जसं येईल तसं लिही आणि पुढे अर्थ दे. जमलं तर त्यांच्या आवाजात फोनवर भरूनही घे.