शटडाउन दिलं म्हणजे टॉमकॅट बंद झाला असं नाही

प्रश्न : नमस्कार, आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर टॉमकॅटवर (जावाचे वेब ॲप चालवणारा प्रोग्राम) चालतं, सर्व्हर उबुंटूचा आहे. नवीन वॉर फाइल (ॲपच्या नव्या आवृत्तीचं पॅकेज) आली की मी शटडाउन डॉट एसएच चालवतो, प्रॉम्प्ट लगेच परत येतो, मग स्टार्टअप डॉट एसएच. कधी नीट चालू होतं, कधी लॉगमध्ये पोर्ट ८०८० (ज्या नंबरवर टॉमकॅट रिक्वेस्ट घेतो तो) आधीच वापरात आहे अशी एरर येते, मग मी किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) मारतो आणि परत चालू करतो. मागच्या आठवड्यात खातेदारांना हप्त्याचा एसएमएस दोनदोनदा गेला, लोक ऑफिसात विचारायला आले. कोड तर बदललाच नव्हता. चुकतंय कुठे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : एसएमएस दोनदा गेले त्याचं कारण बहुतेक हेच की त्या दिवशी तुमच्या सर्व्हरवर दोन टॉमकॅट चालू होते, जुना आणि नवा.

शटडाउन डॉट एसएच स्वतः काही बंद करत नाही. ती स्क्रिप्ट एक छोटा जावा प्रोग्राम चालू करते, तो त्याच मशीनवरच्या ८००५ पोर्टवर जाऊन चालू टॉमकॅटला "बंद हो" एवढाच निरोप देतो आणि निघून जातो. म्हणून प्रॉम्प्ट लगेच येतो. आतला टॉमकॅट तेव्हा कुठे आवरायला लागलेला असतो, चालू रिक्वेस्ट संपवायच्या, डेटाबेसची कनेक्शन सोडायची, आणि तुम्ही त्याच मिनिटाला दुसरा चालू केला की पोर्ट मोकळा नसतो आणि एरर येते. दुसरा प्रकार जास्त वाईट आहे, कारण त्यात एरर येतच नाही. तुमच्या ॲपने एसएमएससाठी स्वतःचा शेड्युलर थ्रेड (ठरल्या वेळी काम करणारा, प्रोसेसच्या आत वेगळा चालणारा भाग) चालू केलेला असेल आणि बंद होताना तो कुणी थांबवत नसेल, तर पोर्ट मोकळा होतो पण प्रोसेस जिवंत राहते, नवा टॉमकॅट आरामात उभा राहतो आणि सकाळी दोन्ही शेड्युलर आपापला एसएमएस पाठवतात. मी एका ठिकाणी हे स्वतः पाहिलंय, दोन दिवस आम्ही एसएमएसवाल्या कंपनीशी भांडत होतो आणि पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

आता सगळ्यात आधी काय करायचं, तर टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाइल करा (असेल तर तीच उघडा) आणि त्यात कॅटालिना_पीआयडी या व्हेरिएबलला एका फाइलचा पत्ता द्या. मग टॉमकॅट चालू होताना आपला प्रोसेस नंबर तिथे लिहून ठेवतो. हे केलं की जुना जिवंत असताना स्टार्टअप दिलं तर स्क्रिप्ट सरळ नकार देते, टॉमकॅट अजून चालू दिसतोय म्हणून थांबते. शटडाउनसुद्धा मग वाट बघतं, नुसतं दिलं तर ५ सेकंद, आणि पुढे ६० लिहिलं तर ६० सेकंद. त्यातही बंद झाला नाही तर तसं सांगतं आणि थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठे अडकलाय याची यादी) लॉगमध्ये टाकतं.

किल -९ बद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. नुसतं किल म्हटलं की १५ नंबरचा सिग्नल जातो, तो जावाला ऐकू येतो आणि टॉमकॅट रीतसर आवरून बंद होतो. ९ नंबरचा सिग्नल प्रोसेसपर्यंत पोचतच नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) प्रोसेसला तिथल्या तिथे उचलून बाहेर टाकतो. अर्धवट ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी नोंद) डेटाबेस मागे घेईल, पण तुमच्या कोडने पावती एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणि खात्यातली जमा दुसऱ्यात लिहिली असेल तर एक राहील आणि एक जाईल, आणि पैशांच्या कामात हे महिनाअखेरीला ताळेबंदात सापडतं. अर्धी लिहिलेली फाइल तर तशीच पडून राहते. म्हणून आधी शटडाउन, मग नुसतं किल, मग किल -३ मारून थ्रेड डंप घ्या (याने प्रोसेस मरत नाही, डंप कॅटालिना डॉट आउटमध्ये येतो), आणि अगदीच हलत नसेल तर -९. किलऑल जावा मात्र कधीच नको, त्या मशीनवरचं बाकीचं जावाही त्याच्याबरोबर जातं.

खरा इलाज कोडमध्ये आहे. बंद होतानाचा लॉग वाचा, अमुक नावाचा थ्रेड ॲपने चालू केला पण थांबवला नाही अशी वॉर्निंग टॉमकॅट नावासकट देतो. ते नाव डेव्हलपरला पाठवा, कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉय होताना (म्हणजे टॉमकॅट ॲप बंद करतो तेव्हा) शेड्युलर बंद करायच्या चारपाच ओळी आहेत, त्यासाठी वेगळं बिल लावू देऊ नका.

प्रश्न : आम्ही टॉमकॅट सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून चालवतो. स्टॉप नीट होतं पण स्टेटसमध्ये फेल्ड दिसतं, कोड १४३. काळजीचं आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. १२८ मध्ये १५ मिळवले की १४३, म्हणजे १५ च्या सिग्नलने जावा नीट बंद झाला, सिस्टमडीला फक्त ते यश आहे हे माहीत नाही. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसची सेटिंग असलेली फाइल) सक्सेसएक्झिटस्टेटस १४३ लिहा आणि डेमन-रीलोड करा, म्हणजे सिस्टमडी फाइल परत वाचेल. फाइल उघडलीच आहे तर टाइमआउटस्टॉपसेकही (बंद व्हायची किती वेळ वाट बघायची ते) बघा, काही लिहिलं नसेल तर सहसा ९० सेकंद धरले जातात आणि त्यानंतर सिस्टमडी स्वतःच -९ मारतो, तुमच्या ॲपला आवरायला जास्त वेळ लागत असेल तर वाढवा. आणि सर्व्हिस केलीय तर हाताने स्टार्टअप डॉट एसएच चालवू नका, तसा चालू केलेला टॉमकॅट सिस्टमडीला दिसतच नाही, सिस्टमडी स्टेटसमध्ये बंद म्हणेल आणि टॉमकॅट पोर्टवर बसलेला असेल.