आधी तेल मोजा

रोजच्या खाण्याची नोंदवही सुरू करताय? पहिल्याच आठवड्यात फायबर, सोडियम, लोह असं सगळं लिहायला घेऊ नका, वही दहाव्या दिवशी बंद पडते. सध्या फक्त कॅलरी आणि प्रोटीन. बाकीचं दोन महिन्यांनी बघू.

चुका बहुतेक इथेच होतात:

१. तेल. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्यात साधारण १२०. आमच्याकडे फोडणीला तेल अंदाजाने, धार सोडून. एकदा मी तेलाची बरणीच वजनकाट्यावर ठेवली, फोडणीआधी आणि नंतर. फरक ४२ ग्रॅम! चौघांची भाजी, म्हणजे माणशी जवळपास ९५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. आणि मी महिनाभर लिहीत होतो, 'वांग्याची भाजी, १ वाटी, ६०'.

२. कच्चं की शिजलेलं? १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी, १०० ग्रॅम भातात १३०च्या आसपास, कारण बाकी पाणी. कॅलरी मोजायचं ॲप वापरत असाल तर त्यातली नोंद नीट वाचून निवडा. कच्च्या जिन्नसांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते मला जास्त भरवशाचे वाटतात.

३. 'एक वाटी'. कोणाची वाटी? घरातली एकच ठरवा.

बाहेरचं खाणं अंदाजानेच लिहायचं. ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला गेलात तर पाव मोजा, तर्रीचं दोन मोठे चमचे तेल धरा आणि गरम आहे तोवर खा. (वजनकाटा घेऊन जाऊ नका, मी नेला होता. मित्र अजून चिडवतात.) स्टेशनबाहेरच्या वडापावला ३०० लिहा. आणि लिहायचं राहिलंच, तर दुसऱ्या दिवशी नाश्त्यापासून पुन्हा सुरू करा.