प्लॅनोला येतोयस, तर घराआधी रस्ता बघ

तू विचारलंस, "दादा, टेक्सासात प्लॅनोला नोकरी लागली. शेजारच्या फ्रिस्कोत चार बेडरूमचं घर भाड्यानं घेऊ, की जुन्या प्लॅनोत दोन बेडरूमचा फ्लॅट?" व्हिसाबिसाचं सरकारी वेबसाइटवर सगळं आहे, ते मी सांगत नाही. पण तुझा हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना.

आपल्या यवतमाळकडच्या दारव्ह्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायचा तर पायात चप्पल अडकवली की झालं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, बाजूला पानठेला. फुटपाथ कुठला, नालीवरची फरशी हीच वाट. पण दहा पावलांत कोणीतरी "काहून, कुठं निघाले?" विचारतंच. इथं फुटपाथ गुळगुळीत अन् त्यावर चिटपाखरू नाही. घरं शहरानं आखून दिलेल्या एका झोनमध्ये, दुकानं दुसऱ्या. 1926 साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं असं झोनिंग वैध ठरवलं, अन् ते देशभर पसरलं. वरून दुकान जेवढं मोठं तेवढं पार्किंग ठेवायची सक्ती. म्हणून दुकान रस्त्याला लागून नसतंच. आठवडी बाजार भरेल एवढं डांबर तुडवत आत जावं लागतं, अन् उन्हाळ्यात ते यवतमाळसारखंच तापतं.

पोराची शाळा मैलभरावर. दोन मैलांच्या आतल्या पोरांसाठी बसचे पैसे राज्य सहसा देत नाही, म्हणून बस नाही. मधे सहा पदरी रस्ता. एकदा सुट्टी काढून त्याला आणायला चालत गेलो. गाड्यांची लांब रांग, प्रत्येक काचेत नंबराचं कार्ड. दारावरच्या बाईंनी विचारलं, "तुमची गाडी कुठे आहे?" चालत आलो म्हटल्यावर त्यांनी वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारलं. सगळ्या गाड्या गेल्यावर पोरगा हातात दिला. तोवर तो काचेआडून माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, चालत नको येऊ." अजून डाचतं ते.

गाडीच्या लायसन्सचं तर विचारूच नको. वीजबिल, घराचा करार माझ्या नावावर. म्हणून तुझ्या वहिनीला पत्त्याच्या पुराव्यासाठी लग्नाचा दाखला दाखवावा लागला. पासपोर्टवर तिच्या वडिलांचं नाव मधे, दाखल्यावर माझं. खिडकीवरून तीनदा परत पाठवलं. तू येण्याआधी सगळ्या कागदांवर नावं एकसारखी करून घे, हे एक काम विसरू नको. चौदा महिने ती गाडीविना घरात होती. त्यातले पाच महिने कागदांचे. बाकीचे माझ्या आळसाचे. "रविवारी शिकवतो" म्हणत राहिलो.

एकटेपणाचं म्हणशील तर होते सवय.

फ्रिस्को डार्टमध्ये, म्हणजे डॅलस भागातल्या सरकारी बस-रेल्वे सेवेत, सामीलच नाही, म्हणजे डार्टची रेल्वे तिथं येत नाही. जुन्या प्लॅनोत पंधराव्या रस्त्याला स्टेशन आहे, आसपास खाली दुकानं वर फ्लॅट अशाही इमारती आहेत. 2025 पासून टेक्सासच्या मोठ्या शहरांत दुकानांच्या झोनमध्येही घरं बांधता येतात, पण त्यातून गल्ली उभी राहायला वेळ आहे. तू दोन बेडरूमचाच घे. घर बघताना एजंटाला थांबायला सांग अन् दुधाची पिशवी आणायला चालत जाऊन बघ. बायकोला सोबत ने.

आमचं घर बघताना तुझी वहिनी खिडकीशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "इथं कोणी दिसून नाही राहिलं." मी म्हटलं, शांत आहे, अन् सही केली.