खांदा धरलाय, चिनी सुया टोचून घेऊ का?

प्रश्न : वय ५३, अमळनेर तालुक्यातलं गाव. दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय. अंबाडा घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो. शुगरची गोळी चालू आहे. जळगावला एक जण चिनी पद्धतीनं सुया टोचतात, कप लावतात, काळसर पुड्याही देतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी येतील आणि घरात हातावर मांडे करणारी मी एकटीच. काय करू?

उत्तर : ताई, आधी मांड्यांचं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत मोठा करायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा, म्हणजे खांदा चहूकडून मोकळा हवा. या आखाजीला खापरापाशी जावेला बसवा. तुम्ही शेजारी बसून तिच्या चुका काढा.

आता खांदा. कोपर कमरेला चिकटवून उजवा पंजा बाहेरच्या बाजूला वळवून बघा. मग दुसऱ्या कुणाला तो हळूच वळवायला सांगा. दोन्ही वेळा तिथंच अडला, तर फ्रोझन शोल्डरच असण्याची शक्यता जास्त. सांध्याभोवतीचं आवरण सुजून आखडतं. आधी दुखणं, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळं होणं, असा हा एक ते तीन वर्षांचा मामला. मधुमेह्यांना तो जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो. म्हणून सुयांच्या आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासा.

चिनी वैद्य म्हणतात, वारा, थंडी आणि दमटपणा खांद्यात शिरला, रक्ताची आणि ‘ची’ची, म्हणजे त्यांच्या मते अंगात वाहणाऱ्या प्राणशक्तीची, वाट अडली, म्हणून दुखतं. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांना भाजत असताना थंडी कुठली, असं तुम्ही विचाराल; पण रात्रभर कूलरपुढे खांदा उघडा टाकून झोपणारे माझ्याकडे कमी येत नाहीत! ते कारण मला पटत नाही, तरी त्यांची एक रीत मला फार आवडते. खांद्याभोवती सुया लावतातच, पण एक सुई नडगीवर, गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध, हाडाच्या जरा बाहेर टोचतात. ती पायात असतानाच रोग्याला म्हणतात, आता हात वर घ्या, मागे न्या. दुखणं थोडं दबलं की त्याच घटकेला सांधा हलवून घ्यायचा. माझ्या मते खरं काम त्या हलवण्याचं आहे.

सुयांनी थोडे दिवस आराम पडू शकतो. खांदेदुखीवरच्या प्रयोगांचा २००५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं आढावा घेतला, त्यातही फायदा दिसला तो थोडा आणि तात्पुरता. तेव्हा जायचं तर जा, पण घरचे व्यायाम सोडून नाही. भिंतीवर बोटांनी चढत जाणं, टेबलावर वाकून हात लोंबता ठेवून झुलवणं, रोज, कळ सोसेल इतकंच. कुणी हिसका देऊन ‘मोकळा करतो’ म्हणाला तर उठून या.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा, म्हणजे या सुयांच्या उपचाराचा, कायदा २०१५चा आहे, तेव्हा नोंदणी बिनधास्त विचारा. सुया नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला छेद जाऊ शकतो. टोचल्यावर धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा. दवण्याच्या जातीतल्या पाल्याची जळती वात जवळ धरून शेक देतात, तो तुम्ही घेऊ नका. शुगरमुळे कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळत नाही. कपांचंही तेच, फोड आला तर चिघळतो.

आणि त्या पुड्या मुळीच नकोत. सांधेदुखीच्या काही चिनी औषधांत बचनाग असतो, नीट शुद्ध केलेला नसेल तर हृदयाचे ठोके बिघडवतो. एका मुळीच्या जागी दुसरी मिसळल्यानं १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तुम्ही पुड्या आधीच घेतल्या असतील, तर उरलेली एक पुडी घेऊन शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा, त्यावरून मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळतं.