नाशिकमध्ये दारू सोडण्यासाठी कोणती मीटिंग गाठावी?

तुम्ही लिहिलंय की सिडकोत राहता, अंबडला शिफ्टमध्ये कामाला आहात. एकदा एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊन आलात, तिथे 'सगळे म्हातारे आणि तेच रडगाणं' वाटलं. दुसरीकडे जावं तर ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती. वर बायकोने कुठूनशी दारू सोडवायची पावडर आणून ठेवल्याचा संशय. मी याच शहरात एएला जातो, तेवढ्याच अधिकारात सांगतो.

मीटिंगच्या आधी एक बघा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि दोन घोट घेतल्याशिवाय थांबत नाहीत, असं असेल तर आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. सिव्हिलला जा किंवा मनोविकारतज्ज्ञाला गाठा, आणि आकडा खरा सांगा. क्वार्टर असेल तर 'थोडीशी' म्हणू नका. १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येतं. एए औषध देत नाही, भरती करून घेत नाही, कुणाला घरातून उचलूनही नेत नाही. उचलून नेणारी असतात ती खाजगी केंद्रं. तिथे दाखल व्हायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, ते आधी विचारा.

आता मीटिंग. लोक विचारतात 'चांगला ग्रुप कोणता'. मी उलटं विचारीन, तुमची प्यायची वेळ कोणती? फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गेटपासून परमिट रूमपर्यंत पाय आपोआप वळत असतील, तर तुमची मीटिंग त्याच संध्याकाळी आणि त्याच वाटेवर हवी. नाशिकरोडला अप्रतिम शेअरिंग होतं म्हणून सिडकोतून दोन बस बदलून जाणारा माणूस पहिल्या पावसात घरी बसतो. जवळचा ग्रुप जरा रटाळ असला तरी चालेल. मात्र तो आठवड्यातून किती वार भरतो, आणि रंगपंचमीला भरतो का, हे आवर्जून विचारा. रहाडीवरून, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदावरून, ओल्या कपड्यांनी मित्र कुठे निघतात, हे नाशिककराला सांगायला नको.

शिफ्ट बदलत राहते म्हणून एकाच ग्रुपवर भागणार नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळची मीटिंग शोधा, नाहीतर मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंग आहेतच. पण सुरुवातीला तरी खोलीत जाऊन बसा. स्क्रीनवर कॅमेरा बंद करून ग्लास भरता येतो.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर एएत प्रत्येक ग्रुप आपापला कारभार स्वतः बघतो, म्हणून एकाची तऱ्हा दुसऱ्यात नसते. कुठे मराठी, कुठे हिंदी, कुठे प्रार्थना जास्त, कुठे नुसते अनुभव. एका मीटिंगवरून सगळ्यांचं मोजमाप करू नका. त्याच ग्रुपला लागोपाठ काही वेळा जा, तरीही जमलं नाही तर बदला, कोणी रुसत नाही. फी नाही. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते, आधी सोडलेली असावी लागत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात टाकलंच पाहिजे असं नाही. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. बोलायचं नसेल तर नाव सांगून गप्प बसलात तरी चालतं, आडनाव कोणी विचारत नाही.

ओळखीचा भेटला तर? तो तिथे सत्यनारायणाला आलेला नसतो. तुम्ही त्याला दिसलात तसा तोही तुम्हाला दिसला. तरीही धाकधूक असेल तर पहिल्यांदा सातपूर किंवा पंचवटीकडचा ग्रुप बघा, भीड चेपली की जवळच्या ग्रुपला या.

'मी श्रावण पाळतो, म्हणजे माझ्या हातात आहे,' असंही तुम्ही लिहिलंय. श्रावण आम्हीही पाळत होतो. अडचण पुढच्या महिन्यात येते. माळ घातलेली माणसंही मीटिंगला बसतात, त्यांना त्यात विरोध दिसत नाही. देव मानत नसाल तरी चालतं, एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या तिच्या कार्यक्रमात, 'आपल्याला समजेल तसा' देव घ्यायची मुभा आहे.

निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या, आणि पिण्याआधी लावा. एए सुरूच तशी झाली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता, समोर बार होता. त्याने चर्चची यादी बघून फोन लावायला सुरुवात केली, कारण त्याला बोलायला दुसरा दारुडाच हवा होता. असा सापडला तो डॉक्टर बॉब. पुढे स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, धराल तेव्हा ज्याच्या गोष्टी रंगतदार वाटतात त्याच्यापेक्षा जो रात्री अकराला फोन उचलतो त्याला धरा.

राहिली पावडर. अशा पुड्यांमध्ये काय घातलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम, म्हणजे दारूसोबत रिअ‍ॅक्शन देणारं औषध असेल, आणि ते पोटात असताना तुम्ही नकळत प्यायलात, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येऊ शकतं. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीत, पेशंटला माहीत असतानाच द्यायचं असतं. बायकोवर चिडू नका, तिच्या जागी दुसरं कोणीही हेच करून बसलं असतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंग असतात. तुमच्या ग्रुपमध्ये त्यांचा पत्ता विचारा आणि तिला द्या. तुम्ही जाल की नाही, याची वाट तिने बघत बसायला नको.