मुलांसाठीची करसवलत नेमकी कुठे कामी येते?

प्रश्न : आम्ही दोघेही अमेरिकेत नोकरी करतो. सहा आणि तीन वर्षांची दोन मुले आहेत आणि पाळणाघराचाच खर्च घरभाड्याला टेकला आहे. 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट'चा आम्हाला कितपत उपयोग होईल?

उत्तर : ही सवलत उत्पन्नातून वजा न होता थेट देय करातून वळती होते, आणि तिचे खरे मोल यातच आहे. २०२५ या करवर्षापासून १७ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ती २,२०० डॉलरपर्यंत मिळते. समजा, तुमचा कर ३,००० डॉलर निघाला, तर दोन मुलांच्या ४,४०० डॉलरमुळे तो शून्यावर येतो आणि उरलेले १,४०० डॉलर परतावा म्हणून हाती पडू शकतात. मुलांना सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देते तो ओळखक्रमांक) मात्र हवाच. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदार पालकांच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या मुलांना तो सहसा मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बहुधा इथेच घोडे अडते. पाळणाघराच्या खर्चासाठी वेगळी सवलत आहे, तिच्यासाठी पाळणाघराचा करक्रमांक आजच मागून ठेवा. २०२१ मध्ये जुलै ते डिसेंबर या काळात चाइल्ड टॅक्स क्रेडिटची निम्मी रक्कम दरमहा हप्त्यांनी खात्यात जमा होत असे. आता सगळी रक्कम विवरणपत्र भरल्यावरच मिळते, म्हणून तिच्या भरवशावर दरमहाचे बिल ठेवू नका.