मोठी संख्या फोडताना

अरे, ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) आहे का बघायला लगेच ३, ७, ११ ने भागत सुटू नकोस. वर्गमूळ ६५,५३६ च्या जरा पुढे जातं. तिथवर हाताने पोचेपर्यंत जीव जाईल. आधी संख्या कुठून आली ते बघ. ही २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्मा हिला मूळ संख्या समजत होता, पण गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ती फोडली. हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढेच तपासायचे. पाचव्यालाच काम फत्ते! दुसरा अवयव ६७,००,४१७.

भागाकारही टाळता येतो, आणि मला तरी हीच गंमत जास्त आवडते. ६४१ = ५×१२८ + १, म्हणून ६४१ ने भागल्यावरच्या बाकीच्या हिशोबात ५×२^७ म्हणजे −१ (६४१ चा पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घे: ६२५×२^२८ म्हणजे १. पण ६४१ = ६२५ + १६, तेव्हा ६२५ च्या जागी −२^४ ठेव. −२^३२ म्हणजे १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो, झालं. हे एकदा वहीत स्वतः कर, मग कॅल्क्युलेटर काढ.